पुण्यातला पहिला हिवाळा: कार्तिकीपासून रथसप्तमीपर्यंत

नोकरी किंवा शिक्षणानिमित्त पुण्यात आलेल्या माणसाला गणेशोत्सव शोधावा लागत नाही, कारण तो त्याच्या गल्लीतच येऊन उभा राहतो. हिवाळ्यातले उत्सव मात्र शोधावे लागतात. ते शाळेच्या मैदानावर, चर्चच्या आवारात, इंद्रायणीच्या घाटावर, सोसायटीच्या गच्चीवर आणि लोकांच्या बैठकीच्या खोल्यांमध्ये होतात, आणि ज्याला ठाऊक नाही तो त्यांच्या शेजारून रोज ये-जा करूनही त्यांना मुकतो. हिंजवडी-खराडीत तीन-तीन वर्षे राहिलेली आणि ‘पुण्यात थंडीत काही नसतं’ असे मनापासून सांगणारी तरुण मंडळी मला भेटली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. नोव्हेंबर-डिसेंबरपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे यात सांगितले आहे. माझा आग्रह एकच आहे, की दहा ठिकाणी तोंड दाखवून येण्यापेक्षा तीन ठिकाणी शेवटपर्यंत बसावे.

आधी दोन दिनदर्शिका समोर ठेवा

मोबाइलमधले कॅलेंडर येथे पुरेसे नाही. नाताळ, 1 जानेवारी, संक्रांत हे दिवस तारखेने येतात, तर आळंदीची यात्रा, चंपाषष्ठी, दत्तजयंती आणि रथसप्तमी तिथीने येतात व दरवर्षी पुढे-मागे सरकतात. म्हणून भिंतीवर लावायची एक मराठी दिनदर्शिका विकत घ्यावी आणि नव्या वर्षाची वेगळी, कारण हा मोसम दोन वर्षांच्या सांध्यावर येतो. उत्तर भारतातून आलेल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, त्यांच्याकडे पौर्णिमेला. त्यामुळे आपण जिला कार्तिक वद्य एकादशी म्हणतो, ती त्यांच्या पंचांगात मार्गशीर्षात पडते. या एका गोष्टीमुळे लोक महिनाभराने चुकीच्या दिवशी आळंदीला पोहोचतात.

दिनदर्शिकेत प्रथम तिथीचे दिवस लाल शाईने गोल करावेत. त्यानंतर सार्वजनिक कार्यक्रमांच्या तारखा नोंदवाव्यात. त्या नोव्हेंबरात मराठी वृत्तपत्रांच्या शहर पुरवणीत येऊ लागतात, आणि या कामासाठी दोन महिने एखादे मराठी दैनिक घरी सुरू करणे खरोखर फायद्याचे ठरते. मग एक मोठा कार्यक्रम, एक वस्तीतला कार्यक्रम आणि एक घरगुती समारंभ एवढे तीन नक्की करावेत. बाकीचे जमल्यास जमतील.

कपड्यांचेही आताच पाहावे. पुण्याची थंडी कोरडी असते. दुपारी 28-30 अंशांपर्यंत ऊन तापते आणि पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरतो. दुपारी घरून निघालेल्या माणसाला शालीची आठवण रात्री नऊला होते. शाल, कानटोपी आणि पाण्याची बाटली मावेल अशी एक पिशवी दाराशी टांगून ठेवावी.

आळंदीपासून सुरुवात करा

ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला संजीवन समाधी घेतली. कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी सोहळा असतो आणि त्याआधीच्या एकादशीला यात्रेची सर्वांत मोठी गर्दी होते. आषाढातली पालखी सगळ्यांना माहीत असते. ही कार्तिकी वारी नवख्यांना बहुधा माहीत नसते. राज्यभरातून दिंड्या येतात, धर्मशाळा आणि राहुट्या भरून जातात, आणि पहाटे इंद्रायणीच्या घाटावर स्नान करणाऱ्यांच्या अंगावरून वाफ निघताना दिसते.

स्वतःचे वाहन नेऊ नये. यात्रेच्या काळात पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, जादा गाड्या सुटतात, आणि गावाबाहेर उतरून चालत जाणेच सोयीचे पडते. समाधीच्या दर्शनाची रांग कित्येक तासांची असते. तुमची पहिलीच खेप असेल आणि प्रकृती किंवा वेळ साथ देत नसेल, तर कळसाचे दर्शन घ्यावे आणि उरलेला वेळ कीर्तनात घालवावा. गावात ठिकठिकाणी मांडव असतात आणि कुणीही कुठेही बसू शकतो. कीर्तनकार अभंगाचे एक चरण घेऊन त्यावर दोन तास बोलतात. भाषा पूर्ण कळली नाही तरी टाळकऱ्यांच्या रांगेमागे बसून ठेका धरता येतो, आणि मराठी शिकू पाहणाऱ्याला याहून चांगला वर्ग नाही. पायातली चप्पल जुनी असावी.

मार्गशीर्षात शहरात दोन गोष्टी दिसतील. गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचे व्रत असते, म्हणून बुधवारी संध्याकाळी मंडईत फुले, फळे आणि पाच झाडांच्या डहाळ्या महाग होतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते, आणि बुधवार पेठेतल्या दत्तमंदिराच्या परिसरात संध्याकाळी जन्मकाळाला पाय ठेवायला जागा नसते. मंडई स्थानकापर्यंत मेट्रोने जावे.

सवाई: पाच दिवसांची बैठक

पुण्यातल्या हिवाळ्याचा कणा कोणता, असे विचारले तर मी सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असे उत्तर देईन. किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व 1952 मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या स्मरणार्थ शिष्य भीमसेन जोशी यांनी 1953 मध्ये हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. भीमसेनजी 2011 मध्ये गेले आणि त्यांचे नावही उत्सवाला जोडले गेले. पुणेकर मात्र त्याला ‘सवाई’ एवढेच म्हणतात. ‘यंदा सवाईला आहात ना?’ हा प्रश्न डिसेंबरात कानावर येतोच.

उत्सव बहुधा डिसेंबरच्या मध्याला, बुधवार ते रविवार असा पाच दिवस असतो. अनेक वर्षे तो रमणबागेच्या मैदानावर होत असे; अलीकडे मुकुंदनगरमधल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. मेट्रोने स्वारगेटला उतरून तेथून रिक्षाने जाणे सर्वांत सोपे. गाडी आणलीच, तर शेवटचा कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडायला बराच वेळ लागतो.

तिकीट काढताना खुर्ची की भारतीय बैठक, हा पहिला प्रश्न येतो. खुर्च्यांची पाच दिवसांची तिकिटे विक्री सुरू होताच संपू लागतात आणि ती महागही असतात. बैठकीचे, म्हणजे जमिनीवर बसण्याचे, तिकीट स्वस्त असते आणि एका दिवसापुरतेही मिळते. गुडघे ठीक असतील तर नवख्याने बैठकच घ्यावी. तिथे शेजारी बसलेले काका तीस-चाळीस वर्षे सवाईला येत असतात, त्यांच्या मांडीवर कार्यक्रमपत्रिका असते, आणि आपण विचारले तर ‘हा मारवा, आता ऊन उतरतंय ना, म्हणून’ असे हलक्या आवाजात सांगतात. खुर्चीवर असे शिकवणारे कोणी भेटत नाही.

घरून जाड सतरंजी, पाठीशी धरायला छोटी उशी, शाल, पाणी आणि चहाचा थर्मास न्यावा. दुपारी लवकर पोहोचून मांडवाच्या मध्यभागी, खांबाजवळ जागा धरावी. खांबाला टेकता येते. रविवारी शेवटच्या सत्राला गर्दी सर्वांत जास्त असते, तेव्हा संध्याकाळी पोहोचणाऱ्याला बैठकीत गुडघा ठेवायलाही जागा मिळत नाही. कामाच्या दिवशी येणे जमणार असेल तर गुरुवार किंवा शुक्रवार निवडावा. त्या दिवसांत तरुण कलाकार पहिल्यांदा या मंचावर बसतात. समोर पुण्याचा श्रोता आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि म्हणून ते जीव ओतून गातात.

शिष्टाचार थोडे आहेत पण ते पाळावेत. गाणे चालू असताना उठू नये. दोन कलाकारांच्या मधल्या वेळात उठावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करू नये. टाळ्या रचना संपल्यावर वाजवाव्यात. मध्येच एखादी जागा आवडली तर ‘वा’ पुरेसे असते. तंबोरे जुळत असताना गप्पा मारू नयेत. नवख्या माणसाला तो रिकामा वेळ वाटतो, पण लक्ष देऊन ऐकावे. चार तारा एकमेकींत मिसळत जातात, मग एका क्षणी मांडवातला सगळा गलका खाली बसतो आणि फक्त षड्ज उरतो. माझ्या मते सवाईतला तो सर्वांत सुंदर क्षण आहे आणि त्यासाठी रागाचे नाव माहीत असावे लागत नाही.

पूर्वी ही बैठक रात्रभर चालत असे आणि पहाटे भैरवीने संपत असे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे आता साधारण रात्री दहाला थांबावे लागते, एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते. त्यामुळे ललत, भटियार असे पहाटेचे राग या मांडवात ऐकायला मिळणे दुर्मीळ झाले आहे. त्याची खंत जुन्या श्रोत्यांकडून तुम्ही ऐकालच, आणि ती खरी आहे. एक मात्र टिकून आहे. अखेरच्या दिवशी सगळे संपल्यावर सवाई गंधर्वांच्या आवाजातली जुनी ध्वनिमुद्रिका वाजवली जाते. खरखरीत आवाजातली ती भैरवी लोक उभ्याउभ्या ऐकतात आणि मगच सतरंज्या गुंडाळतात. रिक्षा मिळावी म्हणून त्याआधी पाच मिनिटे निघू नये.

ज्यांना पूर्ण दिवस जमत नाही त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. उत्सवाच्या दिवसांतच सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ हे उपक्रम होतात. एकात संगीतावरचे लघुपट दाखवतात, दुसऱ्यात कलाकारांच्या मुलाखती होतात. सुरुवातीला हे ऐकून मग मांडवात गेल्यास बरेच काही उलगडते.

पुस्तके, भाकरी आणि पळणे

डिसेंबरात इतर तीन गोष्टी हाताशी असतात, त्यांना फार तयारी लागत नाही. पहिल्या रविवारी पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन असते. ही शर्यत 1983 पासून चालत आली आहे. पळणार नसाल तरी सारसबागेजवळच्या सणस मैदानाच्या परिसरात पहाटे जाऊन टाळ्या वाजवाव्यात, आणि त्या सकाळी गाडी काढायची असेल तर बंद रस्त्यांची यादी आदल्या दिवशीच वाचावी. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर 2023 पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो. तिथे शनिवार-रविवार टाळून कामाच्या दिवशी दुपारी जावे, म्हणजे पुस्तक हातात घेऊन चार पाने वाचता येतात. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या सिंचननगर मैदानावर बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा भरते. गावोगावच्या बचत गटांच्या बायका तिथे चुली मांडतात. रिकाम्या पोटी जावे आणि मांडे करणारी जिथे असेल तिथे थोडे थांबावे. कणकेची सैल पारी ती दोन्ही हातांवर झेलत ताणत नेते, कोपरापर्यंत लांबवते आणि उपड्या मातीच्या खापरावर अलगद टाकते. हे काम पुस्तकात वाचून कळत नाही. निघताना तिच्याकडून काळा मसाला, कडधान्ये किंवा नाचणीचे पापड घ्यावेत, आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.

नाताळ: कॅम्पातले दिवे आणि पेठेतली घंटा

पुण्यातला नाताळ पाहायचा म्हणजे कॅम्पात जायचे, असे सगळे सांगतात, आणि ते अर्धेच खरे आहे. महात्मा गांधी रस्ता आणि ईस्ट स्ट्रीट दिव्यांनी आणि कागदी चांदण्यांनी सजतात, बेकऱ्यांबाहेर रांगा लागतात, आणि 20 डिसेंबरनंतर संध्याकाळी तेथून चालणेही कठीण होते. केक हवा असेल तर आठवडाभर आधी सांगून ठेवावा, आणि ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी दुपारी बंद असते हे लक्षात ठेवावे. सकाळी लवकर गेले तर श्रूजबेरी बिस्किटे गरम मिळतात.

उरलेला अर्धा भाग पेठांमध्ये आहे. क्वार्टर गेटजवळ नाना पेठेतले सिटी चर्च 1792 पासूनचे आहे. पेशव्यांच्या सैन्यातल्या कॅथलिक शिपायांसाठी सवाई माधवरावांच्या काळात त्याला जमीन मिळाली, म्हणजे या शहरातला नाताळ इंग्रजी अमलाहून जुना आहे. कॅम्पातले सेंट मेरीज चर्च 1825 चे आहे. गुरुवार पेठेतले होली नेम कॅथेड्रल ‘पंच हौद’ या नावाने ओळखले जाते, आणि तिथल्या उंच मनोऱ्यातल्या घंटा नाताळात आसपासच्या वाड्यांपर्यंत ऐकू येतात. याच पंच हौद मिशनमध्ये 1890 साली लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर मंडळींनी चहा घेतला, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. आज त्याच आवारात आसपासच्या सगळ्या आळ्यांतली माणसे नाताळच्या संध्याकाळी मुलांना गव्हाणीचा देखावा दाखवायला घेऊन येतात.

24 तारखेच्या रात्री उपासनेला जायचे असेल तर असे करावे. आधी दोन-तीन दिवस चर्चच्या फलकावर वेळ आणि भाषा पाहून यावी, कारण इंग्रजी, मराठी आणि इतर भाषांतल्या उपासनांच्या वेळा वेगळ्या असतात आणि ‘मध्यरात्रीची’ म्हटलेली उपासना पुष्कळदा त्याआधीच सुरू होते. मराठी उपासना निवडावी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी रचलेली मराठी भक्तिगीते तिथे पेटी, तबला आणि झांजांच्या साथीने गायली जातात, आणि ती ऐकताना आपण आळंदीच्या मांडवात आहोत की चर्चमध्ये, असा क्षणभर प्रश्न पडतो. अर्धा तास आधी पोहोचावे, मागच्या बाकांवर बसावे, इतर उभे राहतील तेव्हा उभे राहावे. भाकर आणि द्राक्षारसाचा प्रसाद फक्त त्या धर्मातल्या दीक्षितांसाठी असतो. त्या रांगेत जाऊ नये, जागेवर शांत बसावे, त्यात कुणाला वावगे वाटत नाही. मोबाइल बंद ठेवावा. उपासना संपल्यावर आवारात सगळे एकमेकांना ‘नाताळच्या शुभेच्छा’ देत हात मिळवतात, तेव्हा संकोच न करता आपणही द्याव्यात.

खरा नाताळ घरी असतो. गोव्याकडच्या घरांत नेवऱ्या, दोदोल आणि कुलकुल करतात. मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा दिवाळीसारखाच फराळ होतो. शेजारच्या अशा घरातून 25 तारखेला ताट आले, तर दोन गोष्टी कराव्यात. ते दारातच घेऊन ‘थँक यू’ म्हणत दार लावू नये. ताट आणणाऱ्याला आत बोलवावे, पाणी द्यावे. आणि त्यांचे ताट किंवा डबा कधीही रिकामा परत करू नये. घरी काही केलेले नसेल तर त्यात दोन केळी किंवा साखर घालून परत करावे. महाराष्ट्रातल्या शेजारधर्माचा हा जुना नियम आहे, आणि पुढे संक्रांतीला तो पुन्हा उपयोगी पडेल.

बहुधा डिसेंबरात ज्यूंचा हनुक्का हा दिव्यांचा सणही येतो. कॅम्पात डेव्हिड ससून यांनी बांधलेले, 1867 मध्ये पूर्ण झालेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग ‘लाल देऊळ’ म्हणून सर्व रिक्षावाल्यांना माहीत आहे. रास्ता पेठेत मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली समाजाचे सक्कथ शेलोमो सिनेगॉग आहे. या ठिकाणी सुरक्षेचे नियम कडक असतात. आधी विचारून, ओळखपत्र घेऊन आणि कोणी परिचित असल्यास त्यांच्यासोबतच जावे.

31 डिसेंबर, 1 जानेवारी आणि 3 जानेवारी

वर्षअखेरच्या संध्याकाळी महात्मा गांधी रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता वाहनांसाठी बंद करण्याची प्रथा आहे. लहान मुले बरोबर असतील तर सातपर्यंत फिरून घ्यावे आणि नऊच्या आत घरी यावे. परतीची सोय आधी ठरवावी, कारण मध्यरात्री रिक्षा मिळणे फार कठीण असते.

1 जानेवारीला पुणे-नगर रस्त्यावर पेरणे येथील विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी राज्यभरातून लाखो लोक येतात. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगाव भीमा लढाईचे ते स्मारक आहे, आणि 1927 मध्ये याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले होते. त्या दिवशी नगर रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. वाघोली-खराडीत राहणाऱ्यांनी त्याप्रमाणे बेत आखावा. तिथे जायचे असेल तर पहाटे निघावे, वाहनतळावर गाडी ठेवून पुढे पीएमपीच्या गाडीने जावे, पाणी आणि डोक्याला टोपी न्यावी. स्तंभाला वंदन झाल्यावर पुस्तकांच्या दुकानांकडे वळावे. उन्हात ताडपत्रीवर मांडलेली पुस्तके, त्यांच्याभोवती उकिडवी बसून पाने चाळणारी खेड्यापाड्यांतली माणसे, आणि नातवासाठी बाबासाहेबांचे छोटे चरित्र निवडून घेणारी आजी, हे दृश्य पाहिल्याशिवाय वाचनसंस्कृतीवर बोलू नये असे मला वाटते.

3 जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. महात्मा फुले पेठेतल्या फुलेवाड्यात सकाळपासून शाळेच्या मुली, शिक्षिका आणि महिला संघटना येतात. ज्या शहरात 1848 मध्ये फुले दांपत्याने मुलींसाठी शाळा काढली, त्या शहरात राहायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाने मुलीला घेऊन या वाड्यात एकदा जावे. अंगणातला हौद तिला दाखवावा. 1868 मध्ये जोतीरावांनी तो अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला होता.

हुरडा

जानेवारीत ज्वारीची कणसे दुधात भरली की शहराबाहेरच्या शेतांवर हुरडा पार्ट्या सुरू होतात. सोलापूर आणि नगर रस्त्याला अनेक शेतकरी त्यासाठी जागा राखतात. आधी फोन करून, माणसे सांगून जावे. न कळवता गेल्यास कणसे खुडलेली नसतात. सकाळी नऊ-दहाला पोहोचावे. जमिनीत छोटा खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, तिच्या निखाऱ्यात कणसे खुपसतात, आणि भाजलेले गरम कणीस तळहातांत धरून चोळतात तेव्हा हिरवे दाणे खाली पडतात. ते फुंकून, तूस उडवून पानावर देतात. बरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ आणि दही असते. कणीस चोळण्याचे काम एकदा स्वतः करून पाहावे. हात भाजतात, पण त्याशिवाय त्या दाण्याची किंमत समजत नाही. गुळभेंडी जातीचा हुरडा मिळाला तर तोच मागून घ्यावा, तो गोड असतो. जेवणाचा आग्रह होतो, म्हणून हुरडा भुकेपेक्षा थोडा कमी खावा.

संक्रांत: आता घरी बोलवा

इथपर्यंत तुम्ही पाहुणे होता. संक्रांतीला यजमान व्हावे, कारण या सणाला खर्च थोडा आणि भेटीगाठी पुष्कळ असतात. 14 जानेवारीच्या, काही वर्षी 15 च्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. त्या दिवशी मंडईत भोगीच्या भाजीचे सगळे साहित्य एकत्र मिळते: वांगी, गाजर, पावटा, सोलाणे, बोरे, उसाचे करवे, ओले शेंगदाणे. भाजीवालीला ‘भोगीचं द्या, चार माणसांना’ एवढे सांगितले की ती बरोबर मापाने देते. त्यात तिळाचे कूट घालून मिसळ भाजी करावी, वर तीळ थापलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मुगाची खिचडी.

संक्रांतीला बायका मातीची सुगडे पुजतात. त्यांत हरभरे, गाजर, ऊस, बोरे, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ भरतात. सुगडे तुळशीबाग-मंडई भागात आठवडाभर आधीपासून मिळतात. घेताना बोटाने टिचकी मारून पाहावी. तडा असेल तर आवाज बद्द येतो. काटेरी हलवा आणि हलव्याचे दागिने तेथेच मिळतात. हलवा घरी करायची हौस असेल तर सुटी असलेला दिवस निवडावा. मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस घेऊन त्यावर चमच्याने पाक घालत, हाताने हलवत राहायचे असते, आणि काटा फुलायला तास-तास लागतात. घाई केली की दाणे गुळगुळीत राहतात.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे समारंभ होतात. या सणाला काळी साडी किंवा काळे कपडे चालतात, किंबहुना मुद्दाम घालतात. इतर सणांना काळे टाळणाऱ्या घरांतही. नवी राहायला आलेली स्त्री बोलावण्याची वाट पाहते आणि शेजारणींना वाटते, हिच्याकडे ही पद्धत असेल की नाही. यात वर्ष निघून जाते. म्हणून पहिले बोलावणे आपणच करावे. मजल्यावरच्या प्रत्येक दारी जाऊन, संदेश पाठवून नव्हे, ‘शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ तिळगूळ घ्यायला या’ असे सांगावे. तिळाच्या वड्या, मसाल्याचे दूध किंवा सुंठेचा चहा आणि एखादे उपयोगी वाण, एवढे पुरते. वाण म्हणून प्लास्टिकच्या वस्तू वाटण्याऐवजी तुळशीचे रोप, कापडी पिशवी किंवा छोटे पुस्तक द्यावे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल माझे मत पक्के आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे हळदीकुंकवाला सवाष्णींनाच बोलावतात आणि पती गेलेली स्त्री दाराआड राहते. आता पुष्कळ घरांनी हे सोडले आहे. तुम्ही समारंभ करणार असाल तर मजल्यावरच्या सगळ्या बायकांना बोलवा, वयस्कर मावशींना, एकट्या राहणाऱ्या मुलींना, घरकामाला येणाऱ्या ताईंना, आणि सर्वांना सारखेच वाण द्या. ज्या मावशी अनेक वर्षे कुणाकडे गेल्या नाहीत, त्यांना घ्यायला स्वतः जावे. नुसते सांगून त्या येणार नाहीत.

घरात किंवा शेजारी तान्हे मूल असेल तर बोरन्हाण असते. मुलाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, ऊस, गोळ्या ओततात, मग आसपासची सगळी मुले तो खाऊ वेचायला झडप घालतात. अशा वेळी बोलावणे आले तर आपली मुले जरूर न्यावीत.

या दिवसांत पतंग उडतात. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो वापरला जातो आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. जानेवारीभर दुचाकीवर गळ्याभोवती जाड मफलर घट्ट गुंडाळावा, पुलांवर वेग कमी ठेवावा, आणि मुलांना सुती दोराच देऊन पतंग मैदानावर उडवायला सांगावे.

रथसप्तमी

जानेवारीत चित्रपटप्रेमींसाठी पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो आणि 26 जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते. दोन्हीकडे सकाळी जावे. त्याच सुमारास किंवा त्यानंतर माघ शुद्ध सप्तमी येते. सकाळी अंगणात किंवा गच्चीवर रांगोळीने सूर्याचा रथ काढतात, गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या सुगडात दूध तापत ठेवतात आणि ते उतू जाऊ देतात. ज्या दिशेला उतू जाते त्यावरून आजी अंदाज बांधते. सोसायटीत कुणाकडे हे होत असेल तर उन्हे यायच्या आत वर जाऊन उभे राहावे.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातली फळी तपासावी. नाताळच्या फराळाचे ताट, भोगीच्या भाजीचे पातेले, हळदीकुंकवाला आलेल्या वड्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेला, असे काही ना काही शेजारचे तुमच्याकडे राहिलेले असते. उरलेला तिळगूळ त्यांत भरावा आणि ज्याचे त्याच्या दारी नेऊन द्यावे.